साहेबांनी खाल्लेली कोंबडी

मला राग फार लवकर येतो. चर्चच्या पाळकाच्या बायकोला तो शोभत नाही, हे मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की आता त्या सांगण्याचाही राग येतो. आमचे हे मात्र शांत. कोणी यांच्या पायावर पाय दिला तर आपलाच पाय मध्ये आला म्हणून हे माफी मागतील. देवानं आमची जोडी जुळवताना काय विचार केला होता, ते त्यालाच ठाऊक.

गोष्ट त्र्याहत्तर सालच्या मार्चमधली आहे. मी मूळची नगरकडची, पण यांच्या नेमणुकीमुळे आम्ही तेव्हा वऱ्हाडात, वडनेर भोलजीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात होतो. गावाबाहेर नाल्यापलीकडे ख्रिस्ती वस्ती, बावीस घरं, सगळी मजुरीवर जगणारी. वस्तीच्या टोकाला पिंजाऱ्यांची तीन घरं, त्यांतलं एक नूरबीचं. पाऊस झाला नव्हता म्हणून कापूस नव्हता. नूरबीच्या नवऱ्याला पिंजायला काही नव्हतं आणि आमच्या लोकांना निंदायला-वेचायला काही नव्हतं. सरकारनं तीन कोसांवर खडी फोडायचं काम काढलं होतं. हातपाय धड असलेली माणसं पहाटे तिकडे जायची आणि दिवेलागणीला डोळे चोळत परत यायची. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी, मिळायची. तिची भाकर गार झाली की दातांनी तुटायची नाही. पण तीसुद्धा पोटभर मिळाली असती तर मी आज हे लिहायला बसले नसते.

आमच्या वस्तीत जनकाबाई म्हणून एक विधवा होती. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळी, आवाज मात्र देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गाताना सगळ्यांच्या वर. तिची एकुलती मुलगी बाळंत झाल्यावर महिन्याभरात तापानं गेली. जावई कामाच्या शोधात निघून गेला तो परत आला नाही. राहिली ती नात, रिबका, सात महिन्यांची, आजीच्या मांडीवर. जनकाबाई खडीच्या कामावर गेली होती, पण हजेरी घेणाऱ्यानं तिच्याकडे बघून मान हलवली आणि परत पाठवलं. तिच्याजवळ एक तांबडी कोंबडी होती. ती दिवसाआड अंडं द्यायची. अंडं वडनेरच्या स्टँडवरच्या हॉटेलात जायचं आणि तिथून त्याच्या बदल्यात पावभर दूध यायचं. त्यात पाणी घालून जनकाबाई ते दोन दिवस पोरीला पाजायची. म्हणजे ती पोर त्या कोंबडीवर जगत होती. हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं.

मलकापूरला मंडळ्यांची, म्हणजे आसपासच्या गावोगावच्या चर्चची, एक मदत समिती होती. तिच्याकडे परदेशातून गहू आणि दुधाची पावडर आलीय असं कळलं. यांनी तीन पत्रं लिहिली, अगदी नम्र. उत्तर नाही. चौथं मी लिहिलं. ते यांनी वाचलं असतं तर टाकू दिलं नसतं, म्हणून मी ते न दाखवताच टाकलं. त्याला आठ दिवसांत उत्तर आलं. समितीचे सेक्रेटरी स्वतः गुरुवारी पाहणीला येणार होते. ज्या मंडळीत खरी गरज दिसेल तिथेच धान्य देणार होते. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की दुपारचं जेवण तिथेच घेऊ.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेनंतर सगळे देवळातच बसले. देऊळ म्हणजे मातीच्या भिंती आणि वर कवेलूचं छप्पर. मी सरळ सांगितलं, आपण जे खातो तेच त्यांना वाढायचं. मिलोची भाकर आणि मिरचीचा ठेचा.

मंडळीचे थोरले पंच पुंजाजी माझ्याकडे असे बघू लागले की मी काही तरी अभद्रच बोलले.

"पाळकीणबाई, मिलोची भाकर? पाव्हण्याले?"

"ते पाहुणे म्हणून येत नाहीयेत. आपली अवस्था बघायला येतायत."

"दाराशी आला थो पाव्हणाच. अन् हा तं देवाच्या कामानं येऊन राह्यला. त्याच्या ताटात मिलो टाकू आमी? मंग आमी देवाची लेकरं कायची?"

"अहो, पण ताटात पोळी बघून ते म्हणतील, यांना काय कमी आहे?"

"तसं कोनी म्हनत नसते, बाई. शिकलेला मानूस हाये. त्याले समजते."

शिकलेल्या माणसावर अडाण्यांचा जितका विश्वास असतो तितका देवावर असता तर स्वर्ग रिकामा पडला नसता. मी यांच्याकडे बघितलं. हे नखं बघत बसले होते.

मग देणं सुरू झालं, आणि ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरात चूल एकदाच पेटायची त्या घरातून पुनरुत्थानाच्या सणासाठी, ईस्टरसाठी, राखून ठेवलेले शेरभर गहू आले. कुणी गुळाचा खडा आणला, कुणी वाटीभर तुरीची डाळ. रुखमाबाईनं दिव्यातलं सोडून घरात होतं ते सगळं तेल आणलं. नूरबीही आली. तिच्या ओच्यात चार कांदे, थोडा खडा मसाला आणि हातात लग्नातल्या दोन चिनी बशा, दोन कप.

"नूरबी, तू कशाला?" मी म्हणाले.

"काऊन? तुमचा पाव्हना म्हंजे वस्तीचा पाव्हना. जर्मनच्या चेपक्या ताटात जेवाले देसान का त्याले?"

घरी आल्यावर मी यांना धरलं. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"देण्यात त्यांचा आनंद आहे. तो कसा काढून घेऊ?"

"आनंदानं पोट भरतं का?"

"त्यांचं भरत असेल," हे म्हणाले आणि कूस बदलून झोपले. मी उशिरापर्यंत त्यांच्या पाठीकडे रागानं बघत होते.

गुरुवारी सकाळी मी जनकाबाईच्या दारात गेले तेव्हा तिच्या काखेत ती तांबडी कोंबडी होती आणि हातात विळा. मला काय ते कळलं.

"मावशी, ही द्यायची नाही."

"काऊन?"

"काऊन काय? रिबका काय पिईल उद्यापासून?"

"तिच्यासाठीच तं देऊन राह्यली. थो मानूस दूध आनून राह्यला नं तिच्यासाठी? माह्या पोट्टीसाठी दूध आननारा मानूस माह्या दारातून कोरड्या वरनावर जाईन? लाज नाई वाटनार मले?"

"दूध अजून आणलेलं नाही! तो बघायला येतोय, द्यायला नाही!"

"पाह्यलं का देईनच. तुमाले इस्वासच कमी, बाई."

पाळकाच्या बायकोला विश्वास कमी! मी पुढे होऊन कोंबडी ओढली. ती फडफडत सुटली आणि बाभळीच्या कुंपणात शिरली. आम्ही दोघी तिच्यामागे धावलो, ती पकडायला आणि मी वाचवायला. जनकाबाईच जिंकली. धापा टाकत ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे कोंबडी माही हाये असं तुमी त्या साहेबाजवळ बोलले तं तुमाले रिबीची आन हाये."

ख्रिस्ती माणसानं शपथ घालू नये, हे यांनी तिला दहा वेळा शिकवलं होतं. पण पोरीची शपथ घातल्यावर माझी जीभ अडकली ती अडकलीच. आज वाटतं, मोडायला हवी होती. शपथेनं कोणी मरत नाही. उपाशी राहून मरतं.

जीप अकराला आली. सेक्रेटरीसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. पांढरा टेरिलीनचा शर्ट, मऊ आवाज, सगळ्यांना हात जोडून सलाम. ऊन भयंकर होतं. मी म्हणाले, "साहेब, आधी घरं बघू या." ते कपाळ पुसत म्हणाले, "बाई, माणसं महत्त्वाची. घरं काय बघायची? देवळातच सगळ्यांना भेटतो." आदल्या दिवशी बायकांनी देवळाच्या भिंतींना चुन्याचा हात दिला होता. अंगावर धुतलेली लुगडी होती. सावलीला बसून साहेबांना ते सगळं फार प्रसन्न वाटलं.

मग ते जेवले. नूरबीच्या चिनी बशीत कोंबडीचा रस्सा, तेल लावलेल्या घडीच्या पोळ्या, डाळ, गुळाचा शिरा. वाढताना मी पळी इतकी आपटत होते की यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. जनकाबाई दाराच्या चौकटीला टेकून साहेबांचा घासन् घास बघत होती. त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा तिचा चेहरा असा फुलला की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. बाहेर पुंजाजीचा नातू आणि आणखी चार पोरं वासाला बसली होती. त्यांना आयांनी नाल्याकडे पिटाळलं, पाहुण्याच्या घासाला नजर लागू नये म्हणून.

जेवणानंतर सभा. इथे जे घडलं ते आमच्याच लोकांच्या हातून घडू शकतं. आमच्या देवळात दर रविवारी उपदेशानंतर साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि देवानं त्या आठवड्यात आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगायचं. साक्षीत गाऱ्हाणं मांडत नाहीत. गाऱ्हाणं घरी, दार लावून, गुडघ्यावर. देवळात उभं राहून रडगाणं गाणारा माणूस म्हणजे देवाची चारचौघांत बदनामी करणारा. हे नियम कुणी लिहिलेले नाहीत, पण आमच्याकडची सात वर्षांची पोरगीही ते पाळते.

आणि सेक्रेटरीसाहेब नेमके व्यासपीठाशेजारी उभे राहिले, बायबलवर हात ठेवला आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, मोकळेपणानं सांगा. दिवस कसे चाललेत?"

पुंजाजी उठले. डोक्यावरचं पागोटं काढून छातीशी धरलं. "साहेब, प्रभूचे लय उपकार. सकाळी उठवते, हातापायाले काम देते, संध्याकाळी भाकर देते. आमी पापी मानसं, आमाले याहून जास्त काय पाह्यजे?"

रुखमाबाई उठली. तिच्या घरात आदल्या रात्री चूल पेटली नव्हती, हे मला माहीत होतं कारण तिच्या पोराला मी भाकरीचा तुकडा दिला होता. ती म्हणाली, "देवानं माह्या लेकराले उपाशी झोपू देल्लं नाई." ती माझ्या त्या तुकड्याची साक्ष देत होती.

मी यांना कोपरानं ढोसलं. हे उठले. "साहेब, एक सांगायचं होतं, ही माणसं..."

साहेबांनी हसून हात वर केला. "पाळकसाहेब, तुमचं पत्रातून कळलं. आज त्यांना बोलू द्या."

हे बसले. बसायला यांना निमित्तच लागतं.

शेवटी जनकाबाई उठली, कडेवर रिबका. पोरीचे डोळे मोठे आणि मनगटं माझ्या अंगठ्याएवढी. "प्रभूनं माही पोरगी नेली," ती म्हणाली, "पन तिचं लेकरू माह्यापाशी ठेवलं. आज माह्या हातचं देवाच्या मानसानं पोटभर खाल्लं. मले काही कमी नाई."

साहेबांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले, मी समोर होते. त्यांनी रुमाल काढला, मग वही काढली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. सगळ्यांना वाटलं, गहूच लिहितायत. जीप नाल्यापलीकडे जाईपर्यंत वस्ती हात हलवत उभी होती.

पुढचे दिवस सांगवत नाहीत. अंडं बंद, म्हणून दूध बंद. जनकाबाई रिबकाला मिलोच्या पिठाची पातळ पेज पाजू लागली. पोरीला ती पचेना. जुलाब लागले. आमच्या घरी चहाच बिनदुधाचा व्हायचा, आणि वस्तीत एकही बकरी उरलेली नव्हती. मी रोज संध्याकाळी जाऊन बघायची. आधी ती किरकिरायची. मग किरकिरायचीही थांबली. त्याची मला जास्त भीती वाटली. जनकाबाई म्हणायची, "आता दूध येतेच. साहेब लिहून घेऊन गेले नं."

बाराव्या दिवशी पत्र आलं. मी उभ्याउभ्या वाचलं, मग खाली बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं. आपली मंडळी आत्म्यानं आणि देहानं सुस्थितीत पाहून अतिशय समाधान वाटलं, असं त्यात होतं. लोक पाहुणचारात उदार आहेत, घरोघरी कोंबड्या आहेत, मुलं नाल्याकाठी खेळताना दिसली. धान्य मर्यादित असल्यामुळे ते जास्त गरजू मंडळ्यांना द्यावं लागेल. आणि शेवटी, देवानं आपल्या मंडळीला इतकं दिलं आहे, तर सणाआधीच्या या उपवासाच्या दिवसांत दुष्काळग्रस्त बांधवांसाठी आपणही एक खास दान गोळा करून पाठवावं, ही विनंती.

मी पत्र चुरगळलं. यांनी ते माझ्या मुठीतून सोडवलं, मांडीवर ठेवून सरळ केलं आणि रविवारी देवळात वाचून दाखवलं. मी सांगत होते वाचू नका. हे म्हणाले, "मंडळीच्या नावानं आलंय, मला लपवता येत नाही."

वाचून झाल्यावर यांनी पत्राची घडी घातली. मला वाटलं, आता तरी कुणी चिडेल. पुंजाजी उठले.

"गहू दुसऱ्या गावाले गेला म्हंजे त्या गावात आपल्याहून वंगाळ हाल असतीन. मंग आपन द्याले पाह्यजे."

आणि त्यांनी दिलं. माझ्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्याच दुपारी घरोघरीच्या बायका मूठमूठ मिलो घेऊन आल्या आणि देवळातल्या टोपलीत टाकून गेल्या. जनकाबाई सगळ्यांत आधी. तिनं मूठ उघडली तेव्हा खांद्यावरच्या रिबकाची मान लटकत होती. मी देवळाच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. दुःखानं नाही, संतापानं. त्या साहेबावर, आमच्या यांच्यावर, या बायकांवर, आणि त्या गुरुवारी शपथेला भिऊन गप्प बसलेल्या माझ्यावर.

सोमवारी सकाळी मी ती टोपली एका फडक्यात बांधली, जनकाबाईच्या हाताला धरलं आणि मलकापूरच्या एसटीत बसवलं. यांना विचारलं नाही. निघताना हे दारात आले आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. "हळू बोल," इतकंच म्हणाले.

मी हळू बोलले नाही. समितीच्या कार्यालयात पंखा होता, टेबलावर हिरवं कापड होतं. त्या हिरव्या कापडावर मी फडकं सोडलं. लाल दाणे घरंगळत साहेबांच्या कागदांवर गेले.

"हे तुमचं खास दान. मोजून घ्या."

"बाई, बसा. हे काय चाललंय?"

"तुम्ही मागितलंत, त्यांनी दिलं. तुम्ही कोंबडी खाल्लीत तशी आता ही मिलोही खा."

साहेब उभे राहिले. शेजारच्या खोलीतले कारकून दारात आले. "तुम्ही रागात आहात. मी स्वतः त्या लोकांना विचारलं. एकानं तरी गरज सांगितली का? मोकळेपणानं सांगा म्हणालो होतो मी."

"देवळात विचारलंत! व्यासपीठाशी उभं राहून, बायबलवर हात ठेवून! तुम्ही लहानपणापासून देवळात जाता ना? तिथे उभं राहून कोण सांगतं, देवा, तू मला उपाशी मारतोयस म्हणून?"

साहेब खाली बसले. मग त्यांनी फाईल उघडली, बहुधा हाताला काहीतरी काम हवं म्हणून. "मी पाहिलं ते लिहिलं. तिथे कोंबड्या होत्या. मला आग्रहानं वाढलं." त्यांनी जनकाबाईकडे बघितलं. ती भिंतीशी उकिडवी बसली होती, मांडीवर पोर. त्यांनी तिला ओळखलं. आवाज मऊ करून विचारलं, "बाई, त्या दिवशी ती कोंबडी तुमच्याकडचीच होती ना?"

"हाव साहेब. माहीच होती."

"म्हणजे कोंबड्या पाळता तुम्ही."

"एकच होती, साहेब. थे तुमी जेवले."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शपथेवर सांगते, त्या बाईला टोमणा मारता येत नाही. तिच्या आवाजात अभिमान होता. आपल्याकडचं एकुलतं एक या एवढ्या मोठ्या माणसाच्या उपयोगी पडलं, याचा. साहेबांनी फाईल मिटली. ते पोरीकडे बघू लागले आणि मग तिच्याकडे बघणं त्यांना जमेना. मी सांगितलं त्यांना, अंडं कुठे जायचं आणि दूध कुठून यायचं. या वेळी हळू बोलले.

त्यांनी उठून कपाट उघडलं आणि पावडरीचं एक पुडकं जनकाबाईच्या ओटीत ठेवलं. दवाखान्याची चिठ्ठीही दिली. आम्ही तिथूनच पोरीला डॉक्टरला दाखवून औषध घेतलं. पण गावासाठी ते म्हणाले, "अहवाल मंजूर झालाय. बदलायचा तर मला पुन्हा पाहणी करावी लागेल. गुरुवारी येतो."

जनकाबाई उठता उठता हात जोडून म्हणाली, "या साहेब. पन जेवालेच या. मागच्या खेपी शिरा जरा कमी पडला होता."

"जेवून या!" मी इतक्या जोरात ओरडले की कारकुनाच्या हातातला टाक खाली पडला. "घरून पोट भरून जेवून या, आणि आमच्याकडे पाणीसुद्धा मागू नका!"

परतीच्या एसटीत जनकाबाई खिडकीकडे तोंड करून बसली. वडनेर आलं तेव्हा फक्त म्हणाली, "येनाऱ्याले असं म्हनतेत का कोनी?" आणि पुडकं छातीशी धरून झपाझप पुढे चालू लागली.

गुरुवारी साहेब जेवून आले. जीप त्यांनी नाल्याच्या पलीकडेच सोडली. देवळाकडे वळलेही नाहीत. एकेका घरात वाकून शिरले. कणग्यांत हात घालून बघितलं, चुलीतली राख बघितली, मडक्यांवरची झाकणं काढली. पुंजाजी मागून फिरत, "साहेब, राहू द्या नं, घान होईन शर्टाले," म्हणत होते. बायका पदराआड तोंड लपवत होत्या. आपली रिकामी मडकी कुणी बघावीत याची त्यांना लाज वाटत होती. लाज कुणाला वाटायला हवी होती ते मी इथे लिहीत नाही.

शेवटचं घर जनकाबाईचं. तिनं घरातली एकमेव गोधडी अंथरून साहेबांना बसवलं. रिबका माझ्या मांडीवर होती. तीन दिवसांच्या दुधानं आणि औषधानं तिच्या नजरेत जरा जीव आला होता, पण अंगावर अजून काही नव्हतं. जनकाबाई चुलीपाशी गेली. पाणी उकळल्याचा आवाज आला, पुडकं उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, पोरीच्या पाजण्याची वेळ झाली.

ती नूरबीचा चिनी कप दोन्ही हातांत धरून आली. काठोकाठ भरलेलं, घट्ट, वाफाळतं दूध. पोरीला ती ते पाणी घालून इतकं पातळ करायची की वाटीचं बूड दिसावं. पुडकं पुरवायचं होतं ना. हे दाट दूध तिनं साहेबांच्या समोर धरलं.

"घ्या साहेब. घरात चापत्ती नाई म्हनून दूधच केलं. पाळकीणबाईचं मनावर नोका घेऊ."

साहेबांनी कप घेतला. नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. मला वाटतं, त्या बाईसमोर कुणाचीच होत नाही. त्यांनी तो हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्यात रिबकाला कप दिसला. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि तोंडानं चुक चुक आवाज केला.

मी साहेबांच्या हातातून कप काढून घेतला. ओढूनच घेतला, थोडं दूध त्यांच्या टेरिलीनवर सांडलं. जनकाबाई "अवो बाई!" म्हणून किंचाळली. मी बाजूच्या गाडग्यातलं उकळून निववलेलं पाणी त्यात घातलं, चमचा घेतला आणि तिथेच, त्यांच्या समोर, पोरीला पाजायला लागले. ती चमचा सोडेना. हिरड्यांनी धरून ठेवायची, तो मला ओढून काढावा लागायचा. साहेब मांडी घालून बघत होते.

"लिहा," मी म्हणाले. "आता लिहा."

त्यांनी लिहिलं. त्या लिहिण्यावर पुढे दोन आठवड्यांनी गहू आला, पावडरीची पोती आली, नूरबीच्या घरालाही मिळालं, रिबका तगली. पण त्या दुपारी हे कुणाला माहीत नव्हतं. त्या दुपारी साहेब खाली मान घालून नाला ओलांडून गेले आणि जनकाबाई दाराशी उभी राहून रडत होती. इतक्या वर्षांत, मुलगी गेली तेव्हासुद्धा, मी तिला चारचौघांत रडताना बघितलं नव्हतं.

"पाव्हन्याच्या हातातून कप घेतला तुमी," ती म्हणाली. "देव पाहून राह्यला होता, पाळकीणबाई."

"पाहू दे," मी म्हणाले. "त्यानं जरा आधीपासून पाहायला हवं होतं."